सातव्या दिवशी आवळणाऱ्या रोहिण्या आणि इन्सुलिनला दाद न देणारे अस्तर

मेंदूच्या तळाशी असलेला ॲन्युरिझम, म्हणजे रोहिणीच्या भिंतीला आलेला फुगा, फुटून आवरणाखाली रक्त पसरले, तो फुगा क्लिप लावून किंवा आतून कॉइल भरून वेळेत बंद झाला, आणि रुग्ण डोळे उघडून बोलू लागला, की घरच्यांना हायसे वाटते. ते स्वाभाविकच आहे. अतिदक्षता विभागात काम करणारे आम्ही मात्र त्या वेळी मनात दिवस मोजत असतो, कारण या आजाराचा दुसरा घाला ठरावीक अवधीनंतर पडतो. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या रोहिण्या आवळू लागतात, सातव्या दिवसाच्या आसपास हे आकुंचन सर्वाधिक असते आणि साधारण दोन आठवड्यांनी ते ओसरते. यालाच व्हॅसोस्पाझम म्हणतात. अँजिओग्राफी केली तर सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांमध्ये ते दिसते, पण त्यामुळे मेंदूचा रक्तपुरवठा घटून हातापायांतील शक्ती कमी होणे, बोलणे अडखळणे किंवा गुंगी वाढणे अशी लक्षणे सुमारे तीस टक्के रुग्णांमध्येच उमटतात.

हे आकुंचन अँजिओग्राफीवर पहिल्यांदा दाखवले ते एकर आणि रीमेनश्नायडर यांनी १९५१ मध्ये. पुढे १९८० मध्ये फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटी स्कॅनवर दिसणाऱ्या रक्ताच्या थराची जाडी आणि नंतरचे आकुंचन यांचा संबंध मांडला, आणि तेव्हापासून पहिला स्कॅन पाहताच पुढचे भाकीत करण्याची आम्हाला सवय लागली. ही सवय उपयोगी आहे, पण पुरेशी नाही. स्कॅनवर जवळपास सारखेच रक्त दिसणाऱ्या दोन रुग्णांपैकी एक जण दहाव्या दिवशी वर्तमानपत्र वाचत बसलेला असतो आणि दुसऱ्याच्या मेंदूच्या एका भागात इन्फार्क्ट झालेला असतो, म्हणजे रक्ताअभावी तो भाग मृत झालेला असतो. हा फरक केवळ सांडलेल्या रक्तात नसून ते रक्त ज्या रोहिणीभोवती सांडले तिच्या आधीच्या अवस्थेतही असतो, असे माझे मत आहे. आणि ती अवस्था बिघडवणाऱ्या कारणांपैकी ज्याचा विचार खाटेशेजारी सर्वांत कमी केला जातो ते कारण म्हणजे इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजेच पेशींनी इन्सुलिनला पुरेशी दाद न देणे.

इन्सुलिन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर साखर येते. स्नायू आणि चरबीच्या पेशींमध्ये ग्लुकोज शिरावे यासाठी इन्सुलिन लागते, हे शाळेपासून ठाऊक असते. मेंदूचे मात्र तसे नाही. शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असलेला हा अवयव विश्रांतीच्या वेळी शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा खातो, आणि रक्तातून मेंदूत ग्लुकोज नेणारे मुख्य वाहक प्रथिन, म्हणजे ग्लूट-१, इन्सुलिनच्या आज्ञेची वाट पाहत नाही. त्यामुळे इन्सुलिनचा आणि मेंदूच्या रक्तपुरवठ्याचा फारसा संबंध नसावा, अशी एक समजूत आपोआप तयार होते. ती चुकीची आहे, कारण रोहिणीच्या आतल्या बाजूचा पेशींचा एकेरी थर, म्हणजे एन्डोथेलियम, इन्सुलिनला थेट प्रतिसाद देतो.

हा प्रतिसाद दोन वाटांनी जातो आणि या लेखातील पुढचे सगळे विवेचन त्या दोन वाटांवर उभे आहे. इन्सुलिन अस्तराच्या पेशीवरील रिसेप्टरला चिकटले की एक संदेश आयआरएस-१, पीआय-३ कायनेज आणि एकेटी या टप्प्यांतून जाऊन नायट्रिक ऑक्साइड तयार करणाऱ्या एन्झाइमला चालना देतो. नायट्रिक ऑक्साइड हा वायू क्षणभर टिकतो, शेजारच्या स्नायुपेशीत झिरपतो आणि तिला सैल सोडतो. रोहिणी रुंदावते, प्लेटलेट एकमेकींना चिकटत नाहीत, पांढऱ्या पेशी भिंतीला लागत नाहीत. दुसरा संदेश एमएपी कायनेजच्या वाटेने जातो आणि त्याचा परिणाम नेमका उलटा असतो: एन्डोथेलिन-१ स्रवते. १९८८ मध्ये शोध लागलेले हे रसायन रोहिणी आवळणाऱ्या ज्ञात द्रव्यांपैकी सर्वांत प्रबळ असलेल्यांत मोडते आणि त्याचा अंमल दीर्घकाळ टिकतो. निरोगी माणसात पहिली वाट वरचढ असते, म्हणून इन्सुलिनचा एकूण परिणाम रोहिणी सैल करण्याचाच होतो.

इन्सुलिन रेझिस्टन्समध्ये या दोन्ही वाटा सारख्याच बंद पडल्या असत्या, तर प्रश्न इतका गंभीर झाला नसता. प्रत्यक्षात पहिली वाट मंदावते आणि दुसरी शाबूत राहते. स्नायूंमध्येही पहिल्याच वाटेची गरज असल्याने साखर वाढू लागते, ती आवरण्यासाठी स्वादुपिंड अधिक इन्सुलिन सोडते, आणि ते जादा इन्सुलिन मंदावलेल्या वाटेवर फारसे काही न करता शाबूत वाटेला मात्र रेटत राहते. एकाला कमी ऐकू येते म्हणून घरात सगळ्यांनी ओरडून बोलावे आणि त्याने शेजाऱ्यांची झोपमोड व्हावी, तसा हा प्रकार आहे. या काळात साखरेचे अहवाल अनेकदा अगदी व्यवस्थित असतात. मधुमेहाचे निदान होण्यापूर्वीची कित्येक वर्षे अस्तराचा तोल असा हळूहळू ढळत गेलेला असतो, आणि ‘साखर नाही’ असे केसपेपरवर लिहिलेल्या रुग्णाबद्दल आम्ही निश्चिंत होतो.

आता अशा अस्तराच्या रोहिणीभोवती रक्त सांडले असे समजू. गोठलेल्या रक्तातील तांबड्या पेशी लगेच फुटत नाहीत. काही दिवसांत त्या विरघळू लागतात आणि त्यांतील हिमोग्लोबिन मेंदूभोवतीच्या पाण्यात सुटते. आकुंचन पहिल्या दिवशी न येता तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर का येते, याचे बरेचसे उत्तर या संथ विघटनात आहे. सुटलेले ऑक्सिहिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइडला गाठताच त्याचे नायट्रेटमध्ये रूपांतर करून टाकते. त्याच वेळी अस्तर आणि इतर पेशींमधून एन्डोथेलिन-१ चे उत्पादन वाढते. म्हणजे सैल करणारा घटक कमी आणि आवळणारा घटक जास्त. इन्सुलिन रेझिस्टन्सने ज्या दिशेने तोल आधीच झुकवला होता, त्याच दिशेने रक्तस्राव तो पुन्हा झुकवतो. दोन वेगवेगळे आजार एकाच पारड्यात वजन टाकतात, हे लक्षात आले की मधुमेह किंवा वाढलेली साखर असलेल्या रुग्णांत आकुंचनाचे प्रमाण जास्त का आढळते, हे कोडे निम्मे तरी सुटते.

या एकत्र येण्याचा एक तपशील मला विशेष बोलका वाटतो. नायट्रिक ऑक्साइड तयार करणाऱ्या एन्झाइमला अडवणारे एक नैसर्गिक द्रव्य शरीरातच तयार होते. त्याला संक्षेपाने एडीएमए म्हणतात. ते आर्जिनिन या अमिनो आम्लासारखे दिसते, एन्झाइमच्या खोबणीत आर्जिनिनची जागा अडवते आणि काम थांबवते. इन्सुलिनला कमी दाद देणाऱ्या, पण मधुमेह नसलेल्या लोकांच्या रक्तात त्याची पातळी वाढलेली असते, हे २००२ मध्येच प्रसिद्ध झाले आहे. दुसरीकडे, रक्तस्रावानंतर माकडांच्या मेंदूभोवतीच्या पाण्यात एडीएमएची पातळी रोहिणी आवळते तशी वाढते आणि आकुंचन ओसरू लागले की उतरते, हेही प्रयोगांत दिसले आहे. एका विषयावरचे लोक रक्त तपासत होते, दुसऱ्या विषयावरचे लोक मेंदूभोवतीचे पाणी. आणि दोघांना एकच अडसर सापडला. दोन्ही शाखांच्या परिषदा वेगळ्या भरतात, एवढाच काय तो अडथळा.

याच एन्झाइमची आणखी एक खोड आहे. त्याला लागणारे सहघटक ऑक्सिडेशनमुळे कमी पडले, की ते नायट्रिक ऑक्साइडऐवजी सुपरऑक्साइड तयार करू लागते. सुपरऑक्साइड आणि उरलेसुरले नायट्रिक ऑक्साइड यांची गाठ पडली की पेरॉक्सिनायट्राइट तयार होते, जे अस्तराला आणि स्नायुपेशीला दोघांनाही जाळते. इन्सुलिन रेझिस्टन्स, वाढलेली साखर आणि हिमोग्लोबिनमधून सुटलेले लोह हे तिन्ही घटक ऑक्सिडेशन वाढवणारेच आहेत. अशा अवस्थेत केवळ ‘नायट्रिक ऑक्साइड तयार करणारे एन्झाइम वाढवा’ हा उपाय उलटण्याचीही शक्यता असते.

अस्तराच्या बाहेरच्या स्नायुपेशीही धुतल्या तांदळासारख्या राहिलेल्या नसतात. आनुवंशिकतेमुळे लठ्ठ होणाऱ्या आणि इन्सुलिनला दाद न देणाऱ्या झुकर जातीच्या उंदरांच्या मेंदूतील रोहिण्या तपासल्या, तेव्हा स्नायुपेशी सैल करणाऱ्या पोटॅशियम वाहिन्यांचे काम मंदावलेले आढळले आणि त्यामागे ऑक्सिडेशन व प्रोटीन कायनेज सी या एन्झाइमचा हात दिसला. रक्तस्रावानंतरच्या आकुंचनातही प्रोटीन कायनेज सी आणि रो-कायनेज यांचीच नावे येतात. रो-कायनेज अडवणारे फासुडिल हे औषध जपानमध्ये १९९५ पासून याच कारणासाठी वापरले जाते. हेच रो-कायनेज आयआरएस-१ वर प्रक्रिया करून इन्सुलिनचा संदेशही बिघडवते, हे कळल्यावर या औषधाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली.

येथवर मोठ्या रोहिण्यांबद्दल बोललो. पण मोठ्या रोहिण्या रुंद केल्या म्हणजे रुग्ण वाचतो, हे गणित गेल्या काही वर्षांत चांगलेच डळमळले आहे. एन्डोथेलिनचा रिसेप्टर अडवणाऱ्या क्लाझोसेन्टानने अँजिओग्राफीवरील आकुंचन ठळकपणे कमी केले, परंतु कॉन्शस-२ या मोठ्या चाचणीत, २०११ मध्ये, रुग्णांची अंतिम अवस्था सुधारल्याचे दिसले नाही. उलट निमोडिपिन अँजिओग्राफीवर फार मोठा फरक न दाखवताही रुग्णांना लाभ देते: १९८९ च्या ब्रिटिश चाचणीत दर चार तासांनी ६० मिलिग्रॅम या प्रमाणात एकवीस दिवस हे औषध दिल्यावर इन्फार्क्टचे प्रमाण ३३ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आले. अर्थात खरा खेळ अँजिओग्राफीवर न दिसणाऱ्या बारीक वाहिन्यांत चालू असतो, आणि इन्सुलिन रेझिस्टन्सचे मुख्य कार्यक्षेत्रही नेमके तेच आहे.

बारीक वाहिन्यांत काय घडते ते थोडे जवळून पाहू. निरोगी मेंदूत चेतापेशींचा एखादा समूह जोरात काम करू लागला की त्याच्या शेजारच्या सूक्ष्म वाहिन्या लगेच रुंदावतात. रक्तस्रावानंतर मेंदूच्या पृष्ठभागावरून विद्युत-निष्क्रियतेची एक लाट मिनिटाला काही मिलिमीटर वेगाने सरकत जाते. तिला स्प्रेडिंग डिपोलरायझेशन म्हणतात. चेतापेशींना या लाटेतून सावरण्यासाठी प्रचंड ऊर्जा लागते, म्हणून निरोगी ऊतीत लाटेपाठोपाठ रक्तप्रवाह वाढतो. परंतु भोवती हिमोग्लोबिन असेल, पोटॅशियम वाढलेले असेल आणि नायट्रिक ऑक्साइड कमी असेल, तर हाच प्रतिसाद उलटतो. लाट येते आणि वाहिन्या रुंदावण्याऐवजी आवळतात. ज्या क्षणी ऊतीला सर्वाधिक रक्त हवे असते, त्याच क्षणी ते तुटते. ड्रायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये उंदरांच्या मेंदूवर हे दाखवून दिले. नायट्रिक ऑक्साइडची शिल्लक आधीच तळाला गेलेल्या माणसात हा उलटा प्रतिसाद लवकर यावा, ही अपेक्षा तर्काला धरून आहे, आणि ती मानवी रुग्णांत मोजून पाहण्याजोगीही आहे.

शिवाय गुठळ्यांचा प्रश्न आहेच. इन्सुलिन रेझिस्टन्समध्ये पीएआय-१ हे गुठळी विरघळू न देणारे प्रथिन वाढलेले असते आणि प्लेटलेट चटकन चिकटतात. रक्तस्रावानंतर बारीक वाहिन्यांत सूक्ष्म गुठळ्या होतात, हे शवविच्छेदनांत दिसलेले आहे. रक्तस्राव झालेल्या माणसाचा मेंदू रक्त गोठल्यामुळे मरतो, हे नातेवाइकांना समजावून सांगणे फार अवघड असते.

आता साखरेच्या तक्त्याकडे वळतो, कारण खाटेशेजारी इन्सुलिनशी आमचा संबंध येतो तो तेथेच. फुगा फुटताच ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल यांचा लोंढा येतो, यकृत ग्लुकोज सोडते, स्नायू इन्सुलिनला दाद देईनासे होतात, आणि कधीही मधुमेह नसलेल्या माणसाची साखरही २०० च्या पुढे जाते. त्यात डोकेदुखीसाठी डेक्सामेथासोन दिले गेलेले असते, रक्तदाब वर ठेवण्यासाठी नॉरॲड्रेनलिन चालू असते; ही दोन्ही औषधे साखर आणखी चढवतात. एकाच कागदावर एका रकान्यात दर काही तासांची साखर आणि दुसऱ्या रकान्यात ट्रान्सक्रॅनियल डॉपलरचे आकडे लिहिलेले असतात. कानाच्या पुढे वरच्या बाजूला, कवटीचे हाड जेथे पातळ असते तेथे प्रोब टेकवून मधल्या सेरेब्रल रोहिणीतील रक्ताचा वेग मोजतात. सरासरी वेग सेकंदाला १२० सेंटिमीटरच्या वर गेला की शंका येते, २०० च्या वर गेला की आकुंचन तीव्र मानतात. ताप किंवा पांडुरोग असेल तर सगळीकडेच वेग वाढतो, म्हणून गळ्यातील कॅरोटिड रोहिणीच्या वेगाशी गुणोत्तर काढतात. ते तीनच्या वर असेल तर वाहिनी खरोखरच अरुंद झाल्याचे समजतात. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांत पल्सॅटिलिटी इंडेक्सही, म्हणजे प्रत्येक ठोक्यागणिक हा वेग किती वरखाली होतो ते सांगणारा आकडाही, आधीपासूनच चढा असतो, कारण पुढच्या बारीक वाहिन्या ताठ झालेल्या असतात. तो आकडा मी केवळ कवटीतील दाबाचा निदर्शक म्हणून वाचत नाही.

साखर वाढलेल्या रुग्णांचे हाल जास्त होतात, हे दिसत होतेच. मग इन्सुलिनचा पंप लावून ती ८० ते ११० मध्ये जखडून ठेवावी, असा विचार २००१ मध्ये बेल्जियममधील ल्यूव्हेनच्या अतिदक्षता विभागातील अभ्यासानंतर सर्वत्र पसरला. २००९ मधील नाइस-शुगर चाचणीने त्याला लगाम घातला. सहा हजारांहून अधिक रुग्णांच्या या अभ्यासात साखर कडक आटोक्यात ठेवलेल्या गटातील ९० दिवसांचे मृत्युप्रमाण २७.५ टक्के होते, तर १८० पर्यंत मुभा दिलेल्या गटात ते २४.९ टक्के होते. मेंदूच्या रुग्णांसाठी तर यात आणखी एक धोका आहे. मेंदूच्या ऊतीत सूक्ष्म नळी बसवून केलेल्या मायक्रोडायलिसिसमध्ये असे दिसले की, रक्तातील साखर कागदावर सर्वसाधारण असतानाही ऊतीतील ग्लुकोज चिंताजनक पातळीपर्यंत घसरते आणि लॅक्टेट व पायरुव्हेट यांचे गुणोत्तर चढते, म्हणजे पेशी उपाशी असतात. आवळलेल्या वाहिनीतून आधीच कमी रक्त जात असताना त्या रक्तातील साखरही कमी करणे म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

साखर चढली तरी अपाय आणि कडक उतरवली तरी अपाय, असा हा विरोधाभास. माझे म्हणणे असे की, तो मुळात विरोधाभास नाहीच. चढलेली साखर काही अंशी अपाय करते, यात शंका नाही. पण मुख्यतः ती आतल्या बिघाडाची खूण आहे. बाहेरून भरपूर इन्सुलिन टोचून खूण पुसता येते, अस्तरातील मंदावलेली वाट त्यामुळे पूर्ववत होत नाही, आणि शाबूत राहिलेल्या एन्डोथेलिनच्या वाटेला आणखी रेटा मिळण्याची सैद्धांतिक शक्यता उरतेच. म्हणून मी साखर १८० च्या आत ठेवतो, ६०-७० च्या जवळपासही जाऊ देत नाही, आणि तिच्या चढउतारांवर अधिक लक्ष देतो. इन्सुलिनची मात्रा अचानक वाढवावी लागत असेल, तर मात्रा वाढवण्यापूर्वी ताप, संसर्ग, स्टेरॉइड आणि नळीतून जाणाऱ्या अन्नाचे प्रमाण हे सगळे पुन्हा तपासतो. कारण अचानक वाढलेला रेझिस्टन्स हा बहुधा कशाचा तरी परिणाम असतो.

मग मंदावलेली वाट पूर्ववत करणारे औषध नाही का? पायोग्लिटाझोन आणि त्याच्या कुळातील औषधे इन्सुलिनची संवेदनशीलता वाढवतात, आणि प्राण्यांवरील प्रयोगांत या गटाने रक्तस्रावानंतरचे आकुंचन कमी केले आहे. माणसांतील ठोस पुरावा शेजारच्या आजाराचा आहे: मधुमेह नसलेल्या, पण इन्सुलिन रेझिस्टन्स असलेल्या आणि नुकताच रक्त न पोचल्यामुळे झालेला स्ट्रोक किंवा त्याचा तात्पुरता झटका येऊन गेलेल्या ३,८७६ जणांवर केलेल्या आयरिस चाचणीत, २०१६ मध्ये, पायोग्लिटाझोन घेणाऱ्यांत पुढील स्ट्रोक किंवा हृदयविकाराचा झटका ९.० टक्के, तर इतरांत ११.८ टक्के आढळला. मात्र वजन, अंगावरची सूज आणि हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले. पाणी आणि क्षार यांचा तोल तासातासाला सांभाळावा लागणाऱ्या रक्तस्रावाच्या रुग्णाला अंगात पाणी साठवणारे औषध देण्यास मी धजणार नाही. नायट्रिक ऑक्साइडची वाट स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाने, जागी होईल ही आशाही होती. सिम्व्हास्टॅटिनच्या स्टॅश चाचणीत, २०१४ मध्ये, काही लाभ दिसला नाही. पण या चाचणीत सर्व रुग्ण एकत्र मोजले गेले. ज्यांचे अस्तर आधीच बिघडलेले होते त्यांना वेगळे काढून पाहिले असते तर, ही रुखरुख मला आहे.

येथे एक विचित्र बाब नोंदवलीच पाहिजे. मधुमेह असलेल्यांत ॲन्युरिझम फुटून रक्तस्राव होण्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त तर नाहीच, उलट अनेक अभ्यासांत ते कमी आढळले आहे. फुगा फुटण्यामागे धूम्रपान आणि उच्च रक्तदाब हेच मोठे गुन्हेगार. त्यामुळे ‘साखरेने मेंदूची शीर फुटली’ असे सरसकट विधान कोणी केले तर ते मानू नये. फुटण्याची कारणे वेगळी आणि फुटल्यानंतर रोहिणी कशी वागेल याची कारणे वेगळी.

राहिला प्रश्न इन्सुलिन रेझिस्टन्स मोजण्याचा. उपाशीपोटीचे इन्सुलिन आणि साखर यांचा गुणाकार करून ४०५ ने भागण्याचे होमा हे सूत्र १९८५ पासून प्रचलित आहे, परंतु फुगा फुटलेल्या माणसात, त्यातही पंपातून इन्सुलिन चालू असताना, त्या आकड्याला काही अर्थ नसतो. त्याऐवजी दाखल होतानाच्या रक्तातून एचबीए१सी आणि ट्रायग्लिसराइड मागवावीत, कंबरेचा घेर टेपने मोजावा, आणि घरच्यांना जुन्या तपासण्यांचे कागद आणायला सांगावे. एचबीए१सी मागील दोन-तीन महिन्यांची साखर सांगते, त्यामुळे आत्ताची चढलेली साखर जुनी की ताणामुळे आलेली हे कळते. मात्र रक्त चढवले असेल तर तो नमुना त्याआधीचाच असावा लागतो. ती सर्वसाधारण आली म्हणून मात्र जुना रेझिस्टन्स नव्हता असे ठरत नाही; त्यासाठी वाचलेल्या रुग्णाचे होमा घरी गेल्यानंतर, स्टेरॉइड थांबून काही आठवडे झाल्यावर, उपाशीपोटी काढावे. आमच्या डिस्चार्ज कार्डावर निमोडिपिनची शेवटची तारीख आणि पुढच्या अँजिओग्राफीची तारीख असते. या तपासणीसाठी मी हल्ली त्याखाली हाताने एक ओळ लिहितो.